इसानमधली आजी आणि टोपलीतला भात

पहिल्यांदा त्या गावात गेलो ते २००७ च्या एप्रिलमध्ये. थायलंडच्या किनाऱ्याजवळ रायोंग नावाचा प्रांत आहे, तिथल्या एका कारखान्यात आमचं काम चालू होतं. मी पुण्याहून सहा-सहा महिन्यांसाठी जायचो. सोंगक्रानच्या सुट्टीत सगळा कारखाना रिकामा होतो, आणि मी हॉटेलच्या खोलीत एकटाच बसणार हे कळल्यावर तिथली एक सहकारी म्हणाली, "आमच्या गावी चल, आईला पाहुणे आवडतात." सोंगक्रान म्हणजे शब्दाने आपली संक्रांतच, फक्त ही मेष संक्रांत. १३ ते १५ एप्रिल, त्यांचं परंपरेचं नवं वर्ष.

गाव रॉय एत प्रांतात, देशाच्या ईशान्य भागात. या साऱ्या भागाचं नाव 'इसान'. हे नाव ऐकून मी चमकलो होतो. ईशान दिशा ती ईशान्य, आणि तेच हे इसान. अशा ओळखीच्या खुणा थायलंडमध्ये पावलोपावली सापडतात आणि आपल्याला उगाच घरी आल्यासारखं वाटायला लागतं. मलाही वाटलं. रात्रभर बसमध्ये अवघडून पहाटे उतरलो, तर खांबांवर उभं लाकडी घर, खालच्या मोकळ्या जागेत हातमाग, बाजूला बांधलेली म्हैस, आणि पायरीवर बसलेली सहकारीणीची आई. ती मला काहीतरी म्हणाली. मुलीने सांगितलं, "जेवलास का म्हणून विचारतेय." मग वेताच्या झाकणाच्या टोपलीतून वाफाळता चिकट भात आला. त्याचा हाताने गोळा करायचा, तिखट चटणीत बुडवायचा आणि खायचा. त्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'या घरात हजार वर्षांत काही बदललं नसेल.'

ती वही अजून आहे माझ्याकडे. अधूनमधून ते वाक्य वाचतो आणि लाज वाटते.

त्यानंतर २०२० आणि २०२१ ही करोनाची दोन वर्षं सोडली तर जवळजवळ दर वर्षी चार-पाच दिवस तिथे जातोय. गावातली मुलं मला 'लुंग खॅक' म्हणतात. लुंग म्हणजे काका. 'खॅक'चा मूळ अर्थ पाहुणा, पण हा शब्द आपल्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांना सरसकट लावतात आणि नेहमीच आदराने लावतात असं नाही. मला मात्र तो मूळ अर्थानेच चिकटला आहे, कारण मी खरोखर पाहुणा आहे. आणि पाहुण्याची एक खोड असते. त्याला यजमानाचं घर प्रत्येक वेळी मागच्या वर्षीसारखंच दिसायला हवं असतं.

आधी त्या भाताचंच सांगतो. वहीत ज्याला मी हजार वर्षांचा म्हटलं तो चिकट भात इसानचे लोक फार पूर्वीपासून खातात, हे खरं. पण टोपलीतलं वाण कोणतं, असं एकदा सहज विचारलं तेव्हा उत्तर आलं 'को खो होक', म्हणजे शासकीय वाण क्रमांक ६. हे वाण १९७७ मध्ये शेतकऱ्यांना दिलं गेलं आणि ते गॅमा किरणांनी तयार केलेलं आहे! प्रसिद्ध सुवासिक 'होम मली' तांदळाच्या बियाण्यावर किरणांचा मारा केला आणि त्यातून चिकट दाण्याचं रोप निवडून काढलं. मला त्या टोपलीत पुराणकाळ दिसत होता, प्रत्यक्षात तिच्यात अणुयुग होतं.

आणि तो होम मली? तोही इथला नाही. १९५०-५१ च्या सुमारास मध्य थायलंडमधल्या छाछोएंगसाव प्रांतातून एका कृषी अधिकाऱ्याने १९९ लोंब्या गोळा केल्या, त्यांच्या चाचण्या झाल्या आणि १०५ क्रमांकाची निवड १९५९ मध्ये मान्य झाली. म्हणून त्याचं शासकीय नाव 'खाव दोक मली १०५'. ती आली आणि इसानच्या खारवट, तहानलेल्या जमिनीत अशी काही रुजली की बस. गावाच्या दक्षिणेला 'थुंग कुला रोंग हाय' नावाचं विस्तीर्ण माळरान पसरलंय. नावाचा अर्थ 'कुला रडले ते माळरान'. ब्रह्मदेशाकडून आलेले कुला व्यापारी हे माळ ओलांडताना पाणी न मिळाल्यामुळे रडले, अशी दंतकथा आहे. सुमारे २० लाख राय जमीन (अडीच राय म्हणजे साधारण एक एकर), पाच प्रांतांत विभागलेली. १९८० च्या दशकात सरकारने तिथे कालवे, रस्ते केले, आणि ज्या माळावर व्यापारी रडले तिथला तांदूळ २०१३ पासून युरोपीय संघात भौगोलिक मानांकन मिळवून आहे. मातीतला खारटपणा आणि पाण्याची ओढ यामुळेच त्याचा सुवास वाढतो म्हणतात.

गंमत म्हणजे गावात हा तांदूळ कोणी रोज खात नाही. तो विकायचा. घरात शिजतो तो चिकट.

एकदा हा धागा हाती लागल्यावर मी बाकीच्या 'प्राचीन' गोष्टीही उसवून पाहायला लागलो. हात जोडून 'सवात्दी' म्हणतात ना, तुम्ही पर्यटक म्हणून गेलात तर पहिला शब्द हाच शिकता. मूळ संस्कृत 'स्वस्ति'. वाटतं, बौद्ध भिक्षूंबरोबर हजारेक वर्षांपूर्वी आला असेल. संस्कृत शब्द जुनाच, पण भेटल्यावर अभिवादन म्हणून तो १९३० च्या दशकात बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठातल्या एका भाषापंडिताने रुजवला आणि १९४३ मध्ये सरकारने अधिकृत केला. आडनावं? सहावे राम, राजा वजिरावुध यांच्या १९१३ च्या कायद्याने आली. त्याआधी लोकांना नुसती नावं होती. देशाचं 'थायलंड' हे नाव १९३९ चं, तोवर तो सयाम होता. आणि ज्या 'इसान' शब्दाने मला घरी आल्यासारखं वाटलं होतं, तोही या प्रदेशाला १९०० च्या सुमारास बँकॉकने चिकटवला. त्याआधी सरकारी कागदांत इथल्या विभागांच्या नावांत 'लाव' म्हणजे लाओ हा शब्द होता. तो काढून टाकायचा होता म्हणून संस्कृत दिशा शोधली.

का काढायचा होता, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. इथले लोक मूळचे लाओ. १८२७ मध्ये व्हिएंतिएनचा राजा अनुवोंग बँकॉकविरुद्ध उठला आणि हरला. सयामी फौजांनी व्हिएंतिएन उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या लोकांना मेकाँगच्या या तीरावर आणून वसवलं. पुढे १८९३ मध्ये फ्रेंचांनी नदीचा पूर्व किनारा घेतला. आता नदीच्या एका बाजूला फ्रेंचांचे लाओ, दुसऱ्या बाजूला सयामचे लाओ. 'हेही लाओच, म्हणजे हेही आमचे' असं फ्रेंच उद्या म्हणाले तर? त्यापेक्षा इथे लाओ नाहीतच, सगळे थाई, हे ठरवणं सोपं होतं. १९०१-०२ मध्ये इथे 'पुण्यवान पुरुषां'चं बंड झालं, तेही चिरडलं गेलं. १९२१ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला, शिक्षण थाई भाषेत आणि थाई लिपीत. १९३९ मध्ये पिबुलसोंग्राम यांच्या सरकारने फर्मान काढलं की देशातल्या सगळ्यांना फक्त 'थाई' म्हणायचं, उत्तरेचे, ईशान्येचे असं वेगळं म्हणायचं नाही. १९५८ मध्ये अमेरिकेच्या पैशाने सराबुरी ते नाखोन राचासीमा 'मैत्री महामार्ग' झाला, पुढे तो मेकाँगच्या काठापर्यंत गेला. मैत्री खरी कशासाठी होती ते काही वर्षांत उदोन आणि उबोनच्या तळांवरून व्हिएतनामकडे विमानं उडायला लागली तेव्हा उघड झालं. गावाला त्या रस्त्याचा उपयोग एकच झाला, त्यावरून तरुण मुलं बँकॉकला गेली.

इतिहास असा तारखांनी सांगितला की कोरडा वाटतो. मला तो आजीकडून कळला.

आजीला मी 'मॅ न्याय' म्हणतो. आपल्या न्यायाशी काही संबंध नाही, शब्दशः अर्थ 'मोठी आई'. आपल्याकडेही कितीतरी घरांत आजीला मोठी आई म्हणतात, त्यामुळे तो शब्द मला पहिल्या दिवशी पाठ झाला. हा लाओ शब्द. तिची नात मात्र तिला 'याय' म्हणते, तो थाई. एका पायरीवर बसलेल्या एकाच बाईला दोन भाषांतून हाक मारली जाते हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली, कारण मला दोन्ही परक्याच होत्या.

आजी चार वर्षं शाळेत गेली, १९५० च्या दशकात. शाळा देवळाच्या आवारात. शाळेत लाओ बोललं की छडी, आणि पुन्हा बोललं की गळ्यात पाटी. पाटीवर काय लिहिलेलं असायचं असं मी विचारलं, तर म्हणाली, "मला कुठे वाचता येत होतं तेव्हा?" आणि खूप हसली. तिला वाचता येतं ते थाई. लाओ लोकांची जुनी 'थाय नॉय' लिपी तिने कधी शिकलीच नाही. एकदा शेजारच्या महासारखाम प्रांतातल्या जुन्या देवळांची भित्तिचित्रं पाहायला आम्ही सगळे गेलो होतो. वेस्संतर जातकाची चित्रं, रंग फिकट निळे-तपकिरी, आणि कडेला त्या जुन्या लिपीतल्या ओळी. आजीने हात जोडले, चित्रांतली गोष्ट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, राजपुत्राने मुलं दान केली तिथे डोळे पुसले. ओळी वाचायला मात्र देवळात त्या दिवशी कोणीच नव्हतं.

हे पाहताना मला माझी आजी आठवली. आमचं घर मूळचं धुळ्याकडचं. आजी अहिराणी बोलायची, 'मन्हा', 'तुन्हा'. मी पुण्यात वाढलेला, तिला पुण्याच्या मराठीत उत्तर द्यायचो. मला कोणी छडी मारली नव्हती, गळ्यात पाटी घातली नव्हती. वर्गातली चार पोरं एकदा हसली होती, तेवढं पुरलं. म्हणून इसानमधल्या मुलांबद्दल मी फार तावातावाने बोलत नाही.

पण घराबद्दल बोललो. २०१३ मध्ये गेलो तर लाकडी घर पाडलेलं. जुनं सागवान विकून टाकलं होतं आणि तिथे सिमेंटचं, गुळगुळीत फरशीचं, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं घर उभं होतं. म्हैस त्याआधीच गेली होती. तिची जागा 'ख्वाय लेक' म्हणजे लोखंडी म्हशीने, आपल्या भाषेत पॉवर टिलरने, घेतली होती. हातमाग मागच्या पडवीत घड्या घालून ठेवलेला. माझा चेहरा पडला असावा. मुलीला मी म्हणालो, "इतकं सुंदर घर होतं, पाडलंत कशाला?" तिने ते आईला सांगितलं. आजी शांतपणे म्हणाली, "तू वर्षातून चार दिवस येतोस, तेही कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात रात्री उठून छपराखाली भांडी ठेवायला कोण येतं?"

मुलीने पंधरा वर्षं ओव्हरटाइम करून ते घर बांधलं होतं. तिची स्वतःची मुलगी त्या पंधरा वर्षांत आजीजवळ वाढली. इसानमध्ये अशी घरं फार, आजी-आजोबा आणि नातवंडं, मधली पिढी कारखान्यात. मुलीला एकदा मी भाषेबद्दलही छेडलं होतं. ती म्हणाली, "बँकॉकमध्ये तोंड उघडलं की 'बान नॉक' म्हणतात, खेडवळ. 'लाव' ही तर शिवीच. माझ्या मुलीने ते कशाला ऐकायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

बोलणारे कमी आहेत अशातला भाग नाही. इसानमध्ये लाओ समजणारी माणसं लाओसच्या एकूण लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत. लाओ लोकांचं बांबूचं वाद्य 'खेन' एकेकाळी बँकॉकमध्ये इतकं लोकप्रिय झालं की चौथे राम, राजा मोंगकुट यांनी १८६५ मध्ये त्याविरुद्ध आज्ञा काढली. त्याच खेनच्या संगीताला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला, लाओसच्या नावावर. त्या खेनच्या साथीने चालणारी मोलाम गाणी आता बँकॉकच्या तरुणांनाही आवडतात. गाणं चालतं, तिखट चटणी चालते, तांदळाला तर युरोपात मान आहे. घरात मुलाशी बोलायचं म्हटलं की लोक अडखळतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये गेलो होतो. आजी आता ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली. सहकारीणीच्या भावाचा मुलगा, पाच-सहा वर्षांचा, सध्या तिच्याजवळ असतो. सकाळी त्याला भरवताना ती त्याच्याशी थाईत बोलत होती. तिचं थाई चार इयत्तांचं, अडखळतं, सूर चुकणारं. पोरगं मोबाइलमध्ये पाहत 'हं' म्हणत होतं. तिने विचारलं, "अरॉय माय?" छान लागतंय का? त्याने मान हलवली.

मग माझ्याकडे टोपली सरकवली आणि म्हणाली, "सॅप बॉ?"

प्रश्न तोच, पण लाओमध्ये. मी नातीला विचारलं, माझ्याशी ही लाओ का बोलते, मला तर थाई जरा जास्त कळतं. नातीने विचारून सांगितलं, "याय म्हणते, त्याला शाळेत जायचंय. तुला कुठे जायचंय?"

"सॅप," मी म्हणालो. आजीने आणखी एक गोळा करून माझ्या हातावर ठेवला.