मॉल्डन

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील, ब्लॅकवॉटर खाडीकाठचा जिल्हा. चेल्मर व ब्लॅकवॉटर नद्या मॉल्डन गावाजवळ खाडीला मिळतात. खाजणे, चिखलाचे सपाट पट्टे आणि बांध घालून समुद्रापासून राखलेली डेंजी द्वीपकल्पाची सपाट शेतजमीन हे येथील भूरूप. पाऊस कमी, त्यामुळे पाण्याचा खारेपणा जास्त. येथील मिठाचे मूळ त्यातच आहे. भरतीचे पाणी गाळून, उथळ कढयांत आटवून पापुद्र्यांसारखे स्फटिक काढतात. १८८२ पासूनच्या कंपनीचे हे मीठ आज जगभर जाते, आणि गावाची ओळख लढाईपेक्षा मिठानेच अधिक आहे. ही लढाई ९९१ ची: नॉर्दी बेटासमोर सॅक्सन सरदार बिर्हटनॉथने व्हायकिंगांना खाडी ओलांडू दिली व तो मारला गेला; हे औदार्य की घमेंड, हा वाद अजून मिटलेला नाही.

पूर्वी सपाट तळाची शिडाची गलबते लंडनच्या घोड्यांसाठी गवत नेत आणि परतताना त्यांचीच लीद खत म्हणून आणत. त्यांपैकी काही मॉल्डनच्या हाइथ धक्क्यावर अजून उभी असतात. ब्रॅडवेलचे अणुवीजकेंद्र १९६२ ते २००२ चालले. जवळच सातव्या शतकातील सेंट पीटरचे चॅपेल आहे. जिल्ह्यातील बर्नम गाव शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध. मॉल्डनची शर्यत मात्र ओहोटीत गुडघाभर चिखलातून पळण्याची.