औषधकल्पांचा इतिहास

औषधी द्रव्य रुग्णाला ज्या तयार रूपात दिले जाते, त्या रूपास औषधकल्प म्हणतात. चूर्ण, काढा, गोळी, कॅप्सूल, पाक, मलम, गुदवर्ती, अंतःक्षेपणाचा विद्राव, श्वासावाटे घ्यावयाचा फवारा हे सर्व औषधकल्पच होत. औषधकल्पात गुणकारी द्रव्याबरोबर इतरही अनेक द्रव्ये असतात. गोळीला आकार देणारी, कण एकत्र बांधणारी, पोटात गोळी फुटण्यास मदत करणारी, औषध विरघळविणारी, चव सुधारणारी व औषध टिकविणारी अशी ही द्रव्ये असून त्यांना साहाय्यक द्रव्ये म्हणतात. रोग बरा करण्याचे श्रेय सामान्यतः गुणकारी द्रव्याला मिळते. तथापि ते द्रव्य योग्य मात्रेत, योग्य ठिकाणी व योग्य वेळात पोहोचविण्याचे काम कल्प करतो. कल्प बदलला की औषधाचा परिणामही बदलू शकतो, हे हळूहळू व काही वेळा फार मोठी किंमत मोजून लक्षात आले. औषधकल्पांचा इतिहास हा प्रामुख्याने या जाणिवेचा इतिहास आहे.

प्राचीन काळ : ईजिप्तमधील एबर्स पपायरस या इ. स. पू. सु. 1550 मधील वैद्यकीय लेखात आठशेहून अधिक योग दिलेले असून त्यांत गोळ्या, लेप, मलमे, काढे व वर्ती यांचा उल्लेख आढळतो. भारतात चरकसंहितेत स्वरस, कल्क, शृत (काढा), शीत (हिम) व फांट अशा पाच मूलभूत कल्पना सांगितल्या आहेत. एकाच वनस्पतीचा ताजा रस, वाटलेला गोळा, उकळून केलेला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळलेले पाणी व गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळलेले पाणी असे हे पाच प्रकार होत. रोग्याचे बल व रोगाची तीव्रता पाहून त्यांतून निवड करावयाची असते.

शार्ङ्‌गधरसंहितेच्या मध्यम खंडाची मांडणीच कल्पांनुसार आहे. स्वरसापासून आरंभ करून काढा, फांट, हिम, कल्क, चूर्ण, गुटिका, अवलेह, औषधी तूप व तेले, आसव-अरिष्टे आणि अखेरीस धातू व पारा यांचे कल्प असा हा क्रम आहे. या ग्रंथात कल्पांच्या टिकाऊपणाचाही विचार केलेला आहे. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर, तर गुटिका व अवलेह यांचे वीर्य एक वर्षानंतर कमी होते. आसवे मात्र जुनी झाल्यावर अधिक गुणकारी होतात, असे त्यात म्हटले आहे. औषध किती काळ टिकेल हे त्याच्या रूपावर अवलंबून असते, हे तत्त्व यात स्पष्टपणे आलेले आहे.

यूरोपात गेलेन (सु. 129–सु. 216) या वैद्यांनी वनस्पतिज औषधे सिद्ध करण्याच्या रीती विस्ताराने वर्णिल्या. त्यांच्या नावावरूनच वनस्पतींपासून केलेल्या अर्क, टिंक्चर इ. कल्पांना पुढे ‘गेलेनीय कल्प’ म्हणू लागले. या सर्व पद्धतींत मात्रा मोजली जात असे, पण वनस्पतीतील गुणकारी अंश ऋतू, जमीन व साठवण यांनुसार कमीजास्त होत असल्याने ती खऱ्या अर्थाने निश्चित नसे.

एकोणिसावे शतक : अफूपासून मॉर्फीन वेगळे करण्याचे काम झेर्टर्नर यांनी या शतकाच्या आरंभी केले. पेल्त्ये व काव्हांतू यांनी 1820 मध्ये सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन वेगळे केले. शुद्ध द्रव्ये हाती आल्याने मात्रा नेमकी ठरविणे शक्य झाले. पण त्याचबरोबर धोकाही वाढला. काढ्याचा एखादा घोट कमीजास्त झाला, तर सहसा बिघडत नसे. मॉर्फिनाच्या बाबतीत मात्र काही मिलिग्रॅमांचा फरकही घातक ठरू शकतो. प्रत्येक मात्रा दुसरीसारखीच असेल अशा कल्पाची त्यामुळे गरज भासू लागली.

जिलेटिनाच्या कॅप्सुलाचे एकस्व मॉथ व द्युब्लां यांनी 1834 मध्ये पॅरिसमध्ये घेतले. एकात एक बसणाऱ्या दोन भागांच्या कॅप्सुलाचे एकस्व लयूबी यांनी 1846 मध्ये मिळविले. कडू वा उग्र वासाची औषधे घेणे यामुळे सुसह्य झाले. विल्यम ब्रॉकडन हे इंग्रज चित्रकार व संशोधक होते. ग्रॅफाइटाची भुकटी साच्यात दाबून पेन्सिलीसाठी घट्ट शिसे तयार करण्याच्या त्यांच्या प्रयत्नातून 1843 मध्ये गोळ्या दाबून तयार करण्याचे एकस्व निर्माण झाले. हाताने वळलेल्या गोळीची जागा पुढे साच्यात दाबलेल्या टॅब्लेटने घेतली. यंत्राने एकाच वजनाच्या हजारो गोळ्या निघू लागल्या व औषधे तयार करण्याचे काम औषधविक्रेत्याच्या खलबत्त्याकडून कारखान्याकडे गेले. लंडनच्या बरोज वेलकम या कंपनीने 1884 मध्ये आपल्या कल्पांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे व्यापारी नाव नोंदविले. आटोपशीर स्वरूपाच्या वृत्तपत्रांना हे नाव त्यावरूनच पडले.

पोटावाटे दिलेले औषध जठरातून व यकृतातून जाताना अंशतः वा पूर्णतः नष्ट होऊ शकते. हा मार्ग टाळणारी पोकळ सुई व पिचकारी 1853 च्या सुमारास एडिंबरोत ॲलेक्झांडर वुड व लीआँ येथे शार्ल प्राव्हाझ यांनी स्वतंत्रपणे वापरात आणली. मधुमेहावर 1922 पासून दिले जाणारे इन्शुलीन हे प्रथिन असल्याने पोटात पचून जाते. अंतःक्षेपणाची रीत उपलब्ध नसती, तर त्याचा उपयोगच करता आला नसता.

निर्जंतुकतेचा प्रश्न : अंतःक्षेपणाने त्वचेचा संरक्षक अडसर ओलांडला जातो, म्हणून असा कल्प जंतुरहित असणे अनिवार्य ठरते. फ्रेंच औषधशास्त्रज्ञ लिमूझँ यांनी 1886 मध्ये एका मात्रेपुरती, वितळवून बंद केलेली काचेची कुपी प्रचारात आणली. अनेक मात्रांच्या बाटलीत कोणता धोका असतो, याचे उदाहरण भारतात घडले. मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट) तयार झालेली प्लेगची लस पंजाबातील मुलकोवाल या गावी 1902 मध्ये टोचण्यात आली. एकाच बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली. लसीचे जनक व्हाल्डेमार हाफकिन यांना दोषी धरण्यात आले. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, हे पुढे पुराव्यांवरून दिसून आले व 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

विद्रावकाची निवड : सल्फानिलामाइड हे जंतुविरोधी औषध गोळी व चूर्ण या रूपांत सुरक्षितपणे वापरले जात होते. ते पातळ स्वरूपात मिळावे अशी मागणी आल्याने 1937 मध्ये अमेरिकेतील एका उत्पादकाने ते डायएथिलीन ग्लायकॉलात विरघळविले. तयार कल्पाची चव, वास व रूप तपासण्यात आले. विषारीपणा तपासला गेला नाही. त्यामुळे शंभरावर रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले व त्यांत अनेक मुले होती. गुणकारी द्रव्य निर्दोष होते. घातक ठरला तो विद्रावक. औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता सिद्ध करण्याचे बंधन घालणारा कायदा अमेरिकेत 1938 मध्ये झाला.

भारतात कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1931 मध्ये औषधांच्या नियंत्रणाची शिफारस केली. त्यानंतर 1940 चा औषधे अधिनियम, 1948 चा औषधनिर्माणशास्त्र अधिनियम व 1955 मध्ये भारतीय औषधिकोशाची पहिली आवृत्ती असे टप्पे गाठले गेले. तरीही 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिल्याने 14 रुग्ण दगावले. या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. याच द्रव्याने दूषित झालेल्या पातळ औषधांमुळे 2022 मध्ये गँबियात व 2025 मध्ये मध्य प्रदेशात लहान मुलांचे मृत्यू झाले. साहाय्यक द्रव्याची प्रत्येक खेप वापरापूर्वी तपासणे हाच यावरील उपाय असून तो फार पूर्वीपासून ज्ञात आहे.

जैव उपलब्धता : गोळीत औषध किती आहे यापेक्षा त्यातील किती औषध रक्तात पोहोचते हे महत्त्वाचे, हे 1970 च्या सुमारास प्रकर्षाने पुढे आले. ऑस्ट्रेलियात 1968 मध्ये अपस्मारावरील फेनिटॉइनाच्या कॅप्सुलांत कॅल्शियम सल्फेटाऐवजी लॅक्टोज हे भरणद्रव्य वापरण्यात आले. औषधाची मात्रा तीच होती. तथापि ते अधिक प्रमाणात शोषले गेल्याने अनेक रुग्णांत विषबाधेची लक्षणे दिसली. हृदयविकारावरील डिगॉक्सिनाच्या निरनिराळ्या गोळ्यांनी रक्तातील पातळीत सातपटीपर्यंत फरक पडतो, असे 1971 मध्ये आढळले. गोळी ठराविक वेळात किती विरघळते याची परीक्षा त्यानंतर औषधिकोशांत रूढ होत गेली.

नवे कल्प : इन्शुलिनाला प्रोटामिनाची जोड देऊन त्याचा परिणाम लांबविण्याची रीत हागेडॉर्न यांनी 1936 मध्ये दाखविली. औषध तासन्‌तास सावकाश सोडणाऱ्या कॅप्सुला 1952 मध्ये, तर दर दाबास ठराविक मात्रा देणारा दम्याचा फवारा 1956 मध्ये प्रचारात आला. कोव्हिड-19 वरील आरएनए लशी 2020 मध्ये वापरात आल्या. त्यांतील अतिशय नाजूक रेणू मेदाच्या सूक्ष्म कणांत बंदिस्त केल्यामुळेच पेशींपर्यंत अखंड पोहोचू शकतो.

सर्वाधिक जीव वाचविणाऱ्या कल्पांपैकी एक मात्र अगदी साधा आहे. बांगला देशाच्या मुक्तियुद्धात 1971 मध्ये बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली व शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांची मोजलेली चूर्णे पिशव्यांत भरून, पिण्याच्या पाण्यात विरघळवून पाजण्याची व्यवस्था केली. एक लिटर पाण्यास 22 ग्रॅ. ग्लुकोज, 3·5 ग्रॅ. मीठ व 2·5 ग्रॅ. सोडा असे हे प्रमाण होते. रुग्णांच्या नातेवाइकांनाही ते पाजता येई. तेथील मृत्यूंचे प्रमाण सु. 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. यातील एकही द्रव्य नवे नव्हते. नेमके मोजमाप, टिकाऊ कोरडे रूप व प्रशिक्षित हातांशिवाय देता येण्याची सोय हे या कल्पाचे बळ होते आणि चांगल्या औषधकल्पाकडून आजही याच गुणांची अपेक्षा केली जाते.