सीएनसी प्रोग्रॅमिंग प्रशिक्षण (सोलापूर)

संगणक-नियंत्रित यंत्रहत्यारांसाठी प्रोग्रॅम लिहिणे, तो यंत्रावर चालवून पाहणे आणि पहिला जॉब (घडवायचा भाग) मापात आणणे यांचे प्रत्यक्ष कारखान्यात घेतलेले शिक्षण. सोलापूर परिसरात वाहनांचे सुटे भाग व अन्य यांत्रिक घटक तयार करणाऱ्या कारखान्यांशी ते निगडित आहे. आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकी पदवी अशा तिन्ही वाटांनी उमेदवार येतात.

पार्श्वभूमी : सोलापूरची औद्योगिक ओळख कापड गिरण्या, यंत्रमाग, चादर आणि टॉवेल यांची. चादरीवरील नक्षी जेकार्ड यंत्रणेतील छिद्रित पत्त्यांवरून उतरत असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ मध्ये दाखवलेले संख्यानियंत्रित मिलिंग यंत्रही छिद्रित फितीवरूनच आज्ञा घेत होते. म्हणजे छिद्रांत नोंदवलेल्या आज्ञांवर यंत्र चालवण्याचे तत्त्व या शहराला धातुकामाच्या आधी विणकामातून परिचित होते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा (१८८२). त्यांच्या नावाची वालचंद तंत्रज्ञान संस्था येथे १९८३ मध्ये सुरू झाली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीने इंजिनांच्या कॅमशाफ्टच्या उत्पादनात सोलापूरचे नाव परदेशी वाहन उद्योगापर्यंत नेले. तिचे कारखाने चिंचोली आणि अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतींत आहेत.

कायदेशीर चौकट : शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. पदवी व पदविकाधारकांचा समावेश १९७३ च्या दुरुस्तीने झाला. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. मात्र आरोग्य, सुरक्षा आणि अपघात भरपाईच्या तरतुदी त्याला लागू होतात. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील अल्प मुदतीची इंटर्नशिप आणि २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या व्यवस्था शिकाऊ उमेदवारीपासून वेगळ्या आहेत.

शिक्षणक्रम : सुरुवात ड्रॉइंग वाचणे, व्हर्नियर व मायक्रोमीटर हाताळणे आणि जॉब चकमध्ये बांधणे यांपासून होते. पुढे जी आणि एम संकेत येतात : जी०० म्हणजे जलद सरक, जी०१ म्हणजे सरळ रेषेतील कापणी, जी०२ व जी०३ म्हणजे कंस, एम०३ ने स्पिंडल फिरते, एम०८ ने कूलंट सुरू होते. कापणीचा वेग मिनिटाला १५० मीटर आणि व्यास ४० मिमी असल्यास स्पिंडल मिनिटाला सुमारे १,१९४ फेरे घेते. फेऱ्याला ०.२ मिमी फीड धरल्यास टूल मिनिटात सुमारे २३९ मिमी सरकते. हा हिशेब कागदावर करता येणे ही प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी होय.

ऑफसेट : म्हणजे प्रोग्रॅम न बदलता टूलची जागा दुरुस्त करणारा आकडा. प्रशिक्षणाचा गाभा येथे आहे. प्रोग्रॅम तोच राहतो, पण इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) झिजतो आणि यंत्र तापते. त्यामुळे माप हलते. व्यास ४०.०० हवा असून ४०.०३ मिळाला, तर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०३ मिळवावे लागतात. फॅनक नियंत्रकावर यासाठी दोन कळा आहेत. एक जुना आकडा पुसून नवा लिहिते, दुसरी जुन्यात भर घालते. आधी उणे ०.१२ असताना पहिली कळ दाबून उणे ०.०३ भरले, तर पुढचा जॉब ४०.१२ येतो. बाहेरच्या व्यासावर तो पुन्हा कापून घेता येतो. बोअरमध्ये (आतल्या व्यासात) आकड्यांची हीच गल्लत झाली, तर जॉब भंगारात जातो. दशांशचिन्हाचेही तसेच. काही नियंत्रकांवर चिन्हाशिवाय लिहिलेले ५० हे ५० मिलिमीटर न धरता ५० मायक्रॉन धरले जाते. ते जलद सरकीच्या ओळीत असेल तर टूल थेट जॉबवर ठोकते. म्हणून नवा प्रोग्रॅम आधी ड्राय रनवर (प्रत्यक्ष कापणी न करता) आणि नंतर सिंगल ब्लॉकवर, फीडच्या बटणावर हात ठेवून, एकेक ओळीने चालवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे. ही शिस्त सेटरजवळ (यंत्र जुळवून देणाऱ्या कारागिराजवळ) उभे राहूनच अंगी बाणते.

कॅम ग्राइंडिंग : कॅमच्या लोबचा (उंचवट्याचा) आकार साध्या कंसांत बसत नाही. शाफ्टच्या प्रत्येक अंशाला किती उचल हवी याचा तक्ता नियंत्रकाला दिला जातो. शाफ्ट फिरत असताना ग्राइंडिंग व्हील त्या तक्त्यानुसार आत-बाहेर सरकते. ड्रेसिंगनंतर (व्हीलला पुन्हा धार दिल्यावर) व्हीलचा व्यास घटतो. त्याबरोबर व्हीलचा मार्गही नव्याने काढावा लागतो. या कामाला लेथच्या पलीकडची भूमिती लागते.

विद्यावेतन : पात्रतेनुसार किमान दर शासन ठरवते.

रात्रपाळी : महिला उमेदवारांबाबत कारखानेविषयक कायद्यातील अटी लागू.

मतभेद : उमेदवारांना उत्पादनाच्या रांगेत नुसते बटण दाबायला उभे केले जाते, अशी तक्रार अनेक औद्योगिक क्षेत्रांत ऐकू येते. महागडे यंत्र नवशिक्याच्या हाती देण्यातील जोखमीकडे व्यवस्थापने बोट दाखवतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र ज्याला एकदाही ऑफसेट बदलू दिला नाही, त्याचा काळ मनुष्यबळाच्या हिशेबात धरता येतो, शिक्षणाच्या नाही.

मूल्यमापन : नेमून दिलेल्या व्यवसायांतील शिकाऊ उमेदवारांना मुदतीअखेर परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. कारखान्यातील खरी कसोटी याहून थोडक्यात सांगता येते : अनोळखी ड्रॉइंग हाती आल्यावर प्रोग्रॅम लिहून, सेटिंग करून, पहिला जॉब स्वतः मोजून तपासणी विभागाकडून मान्य करून घेता आला पाहिजे. सोलापूरच्या मुलांना पुण्याला न जाता हे शिकता यावे, यासाठी प्रत्येक कारखान्याने किमान एक यंत्र आणि एक अनुभवी सेटर प्रशिक्षणासाठी राखून ठेवणे गरजेचे आहे.