ऑइल फिल्टर आणि तो उतरवणारा पाना

मोटारीच्या पहिल्या पिढीतील बहुतेक इंजिनांना ऑइल फिल्टरच नव्हता. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्येही नव्हता. धूळ, काजळी आणि धातूचा चुरा ऑइलबरोबर फिरत राही आणि बेअरिंगा झिजवी. ऑइल वरचेवर बदलणे हाच त्यावर उपाय होता. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी प्युरोलेटर हा फिल्टर तयार केला. पुढच्याच वर्षी क्रायस्लरच्या गाडीत तो कारखान्यातूनच बसून आला.

सुरुवातीच्या फिल्टरमधून ऑइलचा थोडाच भाग जाई. सगळे ऑइल गाळणारे फिल्टर नंतर रूढ झाले. पुढे बदलता येणारा गाळणभाग लोखंडी भांड्यात ठेवून, ते भांडे लांब बोल्टने इंजिनाला आवळण्याची पद्धत आली. बदलताना भांडे उतरवून धुवावे लागे आणि खाचेत रुतलेली जुनी रबरी रिंग टोकदार सळीने उचकटावी लागे. १९५४ साली अमेरिकेतील विक्स कंपनीने डबा, गाळणकागद आणि रिंग एकत्र असलेला, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर आणला. जुना फेकायचा, नवा फिरवायचा. मारुती ८०० मुळे १९८३ नंतर असा फिल्टर भारतातही घरोघरीच्या गाडीत पोहोचला.

या सोयीबरोबरच फिल्टर जाम होण्याचे दुखणे आले. भांड्याला निदान बोल्ट होता; गोल, गुळगुळीत डब्याला पाना लावायला जागाच नव्हती. रिंग कोरडी बसवली की इंजिनाच्या उष्णतेने ती धातूला चिकटते, आणि मुळात पाना लावून आवळलेला फिल्टर तर हाताला दादच देत नाही. म्हणून पट्ट्याचा पाना, साखळीचा पाना, डब्याच्या टोकावर बसणारी वाटी आणि तीन नख्यांचा पाना अशी हत्यारे निघाली. पट्टा डब्याच्या बुडाशी, म्हणजे इंजिनाकडच्या जाड कडेजवळ लावावा लागतो. टोकाला लावला तर पातळ पत्रा चेपतो. ऑइलने निसरडा झालेला डबा पुसून त्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळला की पकड येते.

डब्यात स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून तो फिरवण्याची युक्ती जुनी आहे, पण ती वाईटच. पत्रा फाटतो, जाड बूड आट्यांवरच राहते आणि मग छिन्नीने कडेला हलके ठोके देत ते सोडवावे लागते. त्याहून घातक चूक म्हणजे चिकटून राहिलेली जुनी रिंग न पाहणे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते आणि इंजिन कोरडे पडते.

अलीकडे कचरा कमी व्हावा म्हणून अनेक कंपन्या सुट्या गाळणभागाकडे परतल्या आहेत. त्यांचे प्लास्टिकचे झाकण मात्र जास्त आवळले तर तडकते. फिरवायच्या डब्याच्या बाबतीत रिंगेला ऑइलचे बोट लावावे, रिंग टेकल्यावर हातानेच सुमारे पाऊण फेरा द्यावा आणि पाना फक्त उतरवताना वापरावा.