मुलांसोबत अलास्काची जंगल ट्रिप: कधी जायचं, काय दिसतं आणि अस्वलापासून किती लांब थांबायचं?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास इंटरनेटवर एक निवडणूक होते. उमेदवार असतात अस्वलं. हिवाळ्याच्या झोपेआधी सॅमन मासे खाऊन सगळ्यात जाड कोण झालं, यावर जगभरातले लोक मत देतात. नाव आहे ‘फॅट बेअर वीक’. २०१४ मध्ये एका दिवसाचा गंमत म्हणून सुरू झालेला हा प्रकार आता दहा लाखांहून जास्त मतांपर्यंत पोहोचलाय.

२०२४ ची फायनल तर सिनेमासारखी होती. ‘ग्रेझर’ नावाची मादी आणि ‘चंक’ नावाचा अवाढव्य नर. त्याच वर्षीच्या जुलैत चंकने ग्रेझरच्या पिलावर हल्ला केला होता आणि ते पिल्लू दगावलं होतं. लोकांनी ग्रेझरला जिंकवलं. पुढच्या वर्षी चंक मोडक्या जबड्याने मासे पकडत राहिला आणि २०२५ ची निवडणूक त्याने मारली.

घरात तेरा ते अठरा वयाचं कुणी असेल, तर हे रील्स घरात पोहोचलेले असतातच. मग एक दिवस जेवताना प्रश्न येतो, “आपण इथे जाऊ शकतो का?”

जाता येतं. महाग आहे, लांब आहे, पण जाता येतं. मात्र ताडोब्याची ट्रिप ठरवावी तशी ही ठरवली, तर पैसे जातात आणि अस्वल दिसत नाही. किंवा फारच जवळून दिसतं, आणि ते जास्त वाईट.

सुट्टी आणि सीझनचं गणित जुळतं का?

पहिली अडचण इथेच येते. अलास्कातल्या पार्कांचा सीझन साधारण २० मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे हातात उरतात जेमतेम तीन-साडेतीन आठवडे.

हा काळ वाईट अजिबात नाही. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला मूस आणि कॅरिबूची पिल्लं जन्मतात, अस्वलं पिलांना घेऊन फिरताना दिसतात, डासांचा खरा हल्ला अजून सुरू झालेला नसतो. जूनमध्ये दिवस इतका मोठा असतो की रात्री अकराला बाहेर उजेड असतो. पण फॅट बेअर वीकमधला तो धबधबा, ब्रुक्स फॉल्स, त्याचा सीझन मात्र जुलैचा. सॅमन नदीतून वर चढायला लागल्याशिवाय अस्वलं धबधब्यावर येत नाहीत. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा गर्दी करतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे गेलात तर बहुधा रिकामा धबधबा बघून परत याल.

त्यामुळे भारतातून जाणाऱ्या कुटुंबासाठी सगळ्यात चांगली संधी म्हणजे दहावीनंतरची मोठी सुट्टी. मार्चमध्ये परीक्षा संपलेली असते आणि अकरावीचा वर्ग सुरू व्हायला वेळ असतो. प्रवेश प्रक्रियेच्या तारखा तेवढ्या आधी बघाव्या लागतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्नच नाही. जून ते ऑगस्ट शाळा बंद, आणि सिॲटलहून अँकरेज साडेतीन तासांचं विमान.

ज्यांना फक्त दिवाळीची सुट्टी मिळते त्यांनी अलास्काचा नाद सोडून कॅनडातल्या चर्चिल गावाचा विचार करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हडसनच्या उपसागराचं पाणी गोठायची वाट बघत ध्रुवीय अस्वलं तिथे किनाऱ्यावर जमतात. गावाला बाहेरून जाणारा रस्ताच नाही, विमान किंवा विनिपेगहून दोन दिवसांची रेल्वे. तो एक वेगळाच विषय आहे.

नकाशा बघून फसू नका

अलास्का महाराष्ट्राच्या साडेपाच पट आहे. रस्ते मोजके. त्यामुळे ‘आठ दिवसांत आख्खा अलास्का’ असं कुणी विकत असेल तर आठ दिवस गाडीच्या खिडकीतून झाडं बघायची तयारी ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अँकरेज शहर मध्ये ठेवावं आणि दोनच जागा निवडाव्यात: उत्तरेला सुमारे ३८५ किलोमीटरवर डेनाली नॅशनल पार्क आणि दक्षिणेला सुमारे २०५ किलोमीटरवर समुद्रकाठचं स्यूअर्ड गाव. दोन्हीकडे गाडीने जाता येतं आणि रेल्वेनेही. ब्रुक्स फॉल्स हा वरचा, खर्चिक पर्याय. नऊ-दहा दिवस असतील तर डेनालीला किमान तीन रात्री द्या. एका रात्रीत गेलात आणि त्या दिवशी ढग असले तर विषय संपला. तिथे येणाऱ्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांनाच ते ६,१९० मीटर उंचीचं शिखर दिसतं. (२०२५ मध्ये अमेरिकी सरकारने शिखराचं नाव पुन्हा ‘माउंट मॅकिन्ली’ केलं. पार्कचं नाव डेनालीच आहे.)

डेनाली: जिथे बसमधून उतरता येतं

ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही, हा नियम मुलांना पाठ असतो. डेनालीत उलटं आहे. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या सुमारे चौदापट असलेल्या या पार्कमध्ये रस्ता एकच, १४८ किलोमीटरचा. खासगी गाडी पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच नेता येते. पुढे पार्कची बस.

बस दोन प्रकारच्या आहेत. एक गाईडवाली टूर, आणि दुसरी साधी ट्रान्झिट बस. मुलं मोठी असतील तर ट्रान्झिट घ्यावी. स्वस्त आहे, प्राणी दिसला की ड्रायव्हर थांबवतोच, आणि मुख्य म्हणजे वाटेत कुठेही हात दाखवून उतरता येतं, चालता येतं आणि जागा असेल तर मागून येणाऱ्या बसमध्ये चढता येतं. पायवाटा जवळपास नाहीतच. समोर उघडं माळरान, कुठल्या दिशेला जायचं ते तुम्ही ठरवायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नकाशा हातात देऊन “आज तू पुढे” म्हणायला यापेक्षा चांगली जागा सापडणं कठीण.

पण आधी एक गोष्ट तपासा. ‘प्रिटी रॉक्स’ इथल्या भूस्खलनामुळे २०२१ च्या ऑगस्टपासून रस्ता साधारण ७० व्या किलोमीटरला बंद झाला आणि तिथे पूल बांधायचं काम हाती घेतलं गेलं. त्यामुळे जुन्या ब्लॉगमधल्या वंडर लेकच्या फोटोंवर प्लॅन आखू नका. बस कुठपर्यंत जाते ते पार्कच्या साइटवर बघूनच तिकीट काढा. ७० व्या किलोमीटरपर्यंत जाऊन-येऊन पाच तास लागतात. बसमध्ये खायला काही मिळत नाही, डबा आणि पाणी सोबत हवं.

‘इन्टू द वाइल्ड’ बघितलेली मुलं ती जुनी बस बघायची म्हणून हट्ट धरतात. ती बस आता जंगलात नाही. तिथे जाताना नदी ओलांडताना लोक बुडाले, सुटका मोहिमा कराव्या लागल्या, म्हणून जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने ती उचलली आणि नंतर फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या म्युझियमकडे दिली.

किती लांब म्हणजे लांब?

या ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि नेमका तोच लोक वरवर वाचतात.

ऑगस्ट २०१२ मध्ये डेनालीत एकट्या फिरणाऱ्या एका माणसाला ग्रिझली अस्वलाने ठार केलं. अस्वलाच्या हल्ल्यात माणूस गेल्याची पार्कच्या इतिहासातली ही पहिली नोंद. त्याच्या कॅमेऱ्यात फोटो सापडले. अस्वल शांतपणे चरत होतं आणि तो सात-आठ मिनिटं, शंभर यार्डांपेक्षा कमी अंतरावरून फोटो काढत राहिला होता. शेवटच्या काही फोटोंपर्यंत अस्वलाने वर बघितलंही नव्हतं.

मे २०२४ मध्ये होमर गावाजवळ मूसच्या नवजात पिलांचे फोटो काढायला गेलेल्या एका ज्येष्ठ माणसाचा मादी मूसच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, गवत-पाला खाणारा. म्हणून लोक त्याला गायीसारखं समजतात.

डेनालीचा नियम: अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर. अंदाजासाठी, फुटबॉलची तीन मैदानं एकापुढे एक. मूस, कॅरिबू वगैरेंपासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. पिल्लू सोबत असेल तर त्याहून बरंच जास्त.

आणि समोर आलाच तर? इथे दोन प्राण्यांचे नियम उलटे आहेत, ते घरातल्या प्रत्येकाला झोपेत विचारलं तरी सांगता आले पाहिजेत. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. एकत्र उभं राहायचं, शांत आवाजात बोलायचं, हळूहळू मागे सरायचं. मूस अंगावर आला तर मात्र पळायचं आणि झाडाच्या किंवा मोठ्या दगडाच्या आड जायचं.

चालताना मोठ्याने बोलत राहायचं, कारण अचानक गाठ पडलेलं अस्वल सगळ्यात धोकादायक. कानात इअरफोन नकोत. मिरचीचा ‘बेअर स्प्रे’ विमानात नेता येत नाही, हँडबॅगेतही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. तिथे पोहोचून विकत घ्यायचा आणि परतताना तिथेच सोडायचा. तो कुणाच्या पट्ट्याला असेल हे आधी ठरवा. सॅकच्या तळाशी ठेवलेल्या स्प्रेचा उपयोग शून्य.

फोटोसाठी मोबाईल पुरत नाही, हेही मुलांना आधीच सांगून टाका. २७५ मीटरवरचं अस्वल मोबाईलमध्ये तपकिरी ठिपका दिसतं, आणि तो ठिपका मोठा करायच्या नादातच पाय पुढे पडतात. दोघांत एक चांगली दुर्बीण घेतली तर ट्रिपचं सोनं होतं.

समुद्रावर जास्त दिसतं

डेनालीत तासन्‌तास काही न दिसण्याची शक्यता असते. स्यूअर्डहून निघणाऱ्या किनाई फिओर्ड्सच्या बोटीवर तसं सहसा होत नाही. हंपबॅक देवमासे, ऑर्का, समुद्री पाणमांजरं, सी लायन, पफिन पक्षी, आणि शेवटी थेट समुद्रात उतरलेली हिमनदी. तिचा तुकडा सुटून पाण्यात पडतो तेव्हा आधी दृश्य दिसतं आणि गडगडाट नंतर ऐकू येतो.

सहा तासांची किंवा त्याहून मोठी सफर घ्या. छोटी सफर खाडीतच फिरते. मोठ्या सफरीत बोट उघड्या समुद्रात जाते, तेव्हा उलटीची गोळी निघायच्या आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर नाही.

स्यूअर्डजवळच्या एक्झिट ग्लेशियरच्या वाटेवर सालांच्या पाट्या लावल्यात: कुठल्या साली बर्फ कुठपर्यंत होता. चालत जाताना आपल्या मुलांच्या जन्मसालच्या सुमाराला बर्फ कुठे होता आणि आज कुठे आहे, हे डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी तिकीट नाही.

ब्रुक्स फॉल्स परवडतं का?

कॅटमाय नॅशनल पार्कमधल्या या जागेला रस्ता नाही. किंग सॅमन गावातून पाण्यावर उतरणारं छोटं विमान घ्यावं लागतं. अँकरेजहून एका दिवसाची सहल माणशी हजार डॉलरच्या वर जाते. तिथल्या लॉजच्या खोल्या लॉटरीने मिळतात. कॅम्पिंगची जागा विजेच्या कुंपणाच्या आत, ६० माणसांपुरती, आणि बुकिंग ५ जानेवारीला उघडतं. चौघांचं कुटुंब असेल तर बहुतेकांनी हा खर्च टाळावा. घरच्या अस्वलवेड्या मुलासोबत आई किंवा बाबा एकटेच जाणार असतील, तर मात्र डेनालीचे दिवस कमी करून हे करावं.

उतरल्यावर सगळ्यांना आधी ‘बेअर स्कूल’ला बसवतात. तिथे अंतराचा नियम ५० यार्डांचा आहे. धबधब्यासमोरच्या मचाणावर एका वेळी ४० जण, आणि गर्दीत प्रत्येकाला एक तास. मग नाव लिहून पुन्हा रांग. सोबतचं खाणं ठरलेल्या जागी ठेवावं लागतं आणि ठरलेल्या जागीच खायचं. खिशातली भाकरवडी किंवा लाडूसुद्धा चालत नाही. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी माणसांच्याच हातून मरतं.

इथली अस्वलं डेनालीतल्या ग्रिझलीपेक्षा खूप मोठी असतात. जात एकच, फरक सॅमनचा. मोठा नर हिवाळ्याआधी ४५० किलोच्या पुढे जातो.

मुलांना काय द्यायचं?

काम. टीनएजर मुलं ‘नेलेल्या’ ट्रिपवर कंटाळतात आणि स्वतः ठरवलेल्या ट्रिपवर पहाटे उठतात. ब्रुक्सचे लाइव्ह कॅमेरे मोफत बघता येतात, ते दोन-तीन महिने आधीपासून बघू द्या. कुठल्या बसने जायचं, कुठे उतरायचं, एक आख्खा दिवस त्यांचा. डेनालीच्या रेंजर्सकडे हिवाळ्यात खरोखर कामाला जुंपली जाणारी स्लेज ओढणारी कुत्री आहेत. उन्हाळ्यात त्यांचं मोफत प्रात्यक्षिक असतं, ते चुकवू नका. मोबाईलवरून भांडण होणार नाही, कारण डेनालीच्या प्रवेशद्वाराचा परिसर सोडला की रेंजच नाही. नकाशे आधी डाउनलोड करा.

कागद, कपडे, पैसे

मुलांचा लहानपणी काढलेला पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, त्याची मुदत आधी बघा. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मिळायला वेळ लागतो, म्हणून तिकिटांआधी व्हिसा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र सोबत ठेवा. क्रूझने कॅनडातून जाणार असाल तर कॅनडाचाही व्हिसा लागतो.

डेनालीचं प्रवेश शुल्क १६ वर्षांवरच्यांना १५ डॉलर, त्याखाली मोफत. किनाई फिओर्ड्स आणि कॅटमायला प्रवेश शुल्क नाही. जाड एका जॅकेटपेक्षा तीन पातळ थर आणि वर पावसाचं जॅकेट बरं. जूनच्या शेवटी किंवा जुलैत जाणार असाल तर डोक्यावर घालायची डासांची जाळी घ्याच.

आणि शेवटचा दिवस अँकरेजमध्ये रिकामा ठेवा. धुक्यामुळे छोटी विमानं रद्द होतात, लाटांमुळे बोटी. सगळं वेळेवर झालंच, तर त्या दिवशी स्यूअर्डच्या रस्त्यावर टर्नअगेन आर्मच्या काठाने जाऊन थांबा. जुलैच्या मध्यानंतर भरतीच्या वेळी पाण्यात पांढऱ्या बेलुगा देवमाशांच्या पाठी दिसू शकतात, रस्त्याच्या कडेला उभं राहून, फुकट.