बाण कापण्याची करवत

बाण कापण्याची करवत हे धनुर्विद्येतील बाणाचा दांडा ठरावीक लांबीला व काटकोनात कापण्याचे छोटे यंत्र आहे. वेगाने फिरणारी पातळ घर्षण-चाकती, दांड्याला आधार देणारी पट्टी आणि लांबी निश्चित करणारा अडसर हे तिचे तीन मुख्य भाग होत. तयार यंत्र महाग पडत असल्याने अनेक खेळाडू व प्रशिक्षक लहान मोटर आणि प्लायवुड वापरून ते घरीच तयार करतात. अशा यंत्राचा अचूकपणा मोटरच्या किमतीपेक्षा पट्टी व चाकती यांच्या जुळणीवर अधिक अवलंबून असतो.

आवश्यकता

कार्बनचे दांडे सामान्यतः गरजेपेक्षा लांब मिळतात. धनुष्य पूर्ण ताणल्यावर खेळाडूला लागणारी लांबी त्याच्या हातांच्या मापानुसार बदलते, म्हणून दांडा कापावा लागतो. बाण आखूड झाला की त्याचा ताठरपणा वाढतो व वजन घटते. प्रति इंच 8 ग्रेन वजनाचा दांडा एक इंच कापल्यास सुमारे अर्धा ग्रॅम कमी होतो.

ताठरपणाच्या मापास स्पाइन म्हणतात. 28 इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडा ठेवून मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगतात. तो अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर वाकल्यास त्याचा स्पाइन 500 मानला जातो. एकाच संचातील बाणांची लांबी असमान असेल, तर त्यांचा ताठरपणा व वजन भिन्न होऊन नेम विखुरतो. कापलेले टोक तिरपे असल्यास अणी सरळ बसत नाही व बाण डगमगत जातो.

दांड्याचा प्रकार व कापण्याची पद्धत

कार्बनच्या दांड्यावर हॅक्सॉ किंवा दातांची करवत वापरल्यास तंतू उसवतात व भिंतीला सूक्ष्म तडे जातात. असा बाण सुटताना फुटून हाताला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून कार्बनसाठी दात नसलेली घर्षण-चाकती वापरतात. ॲल्युमिनियमचा दांडाही या चाकतीने कापता येतो. बांबूच्या बाणासाठी मात्र बारीक दातांची हातकरवत पुरेशी असते. कापण्याच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळल्यास बांबूच्या चिपा कमी निघतात.

रचना

सुमारे एक मीटर लांब व 18 मिलिमीटर जाड प्लायवुडची सरळ फळी पाया म्हणून घेतात. तिच्यावर सारख्या उंचीचे, वरच्या बाजूस इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच असलेले दोन लाकडी ठोकळे बसवतात. एक ठोकळा चाकतीच्या अगदी जवळ असावा. तो दूर असल्यास दांडा थरथरतो.

मोटर बिजागरीवर बसवलेल्या लहान फळीवर घट्ट आवळतात, म्हणजे चाकती हळूहळू दांड्याकडे नेता येते. छंदोपयोगी कामात प्रचलित असलेली 775 क्रमांकाची 12 व्होल्ट मोटर व पुरेशा क्षमतेचा अडॅप्टर यासाठी वापरता येतो. चाकतीवर छापलेली कमाल गती मोटरच्या गतीपेक्षा जास्त असणे अनिवार्य आहे. चाकतीभोवती धातूचे आवरण हवेच.

दुसऱ्या टोकाला फळीतील खाचेत सरकणारा अडसर पंखनटाने आवळतात आणि बाजूला मोजपट्टी चिकटवतात. चाकतीचे प्रतल व दांडा यांतील काटकोन गुण्याने तपासतात. बिजागरी ढिली असल्यास हा काटकोन प्रत्येक वेळी बदलतो.

कापण्याची कृती

न कापलेला बाण लावून खेळाडू धनुष्य ताणतो व दुसरी व्यक्ती बाजूने दांड्यावर खूण करते; या वेळी बाण सोडायचा नसतो. लांबी नॉकच्या खाचेच्या तळापासून दांड्याच्या कापलेल्या टोकापर्यंत मोजतात. बाण आधारापेक्षा आखूड झाला, तर तो आधारावरून घसरून धनुष्य धरणाऱ्या हातात घुसू शकतो. यासाठी, विशेषतः नवशिक्यांचे बाण, काही अधिक लांब ठेवतात. जास्त लांब बाण पुन्हा कापता येतो. आखूड झालेला मात्र लांब करता येत नाही. त्यामुळे प्रथम एकच बाण कापून तपासतात.

मोटर पूर्ण गतीला आल्यावर दांडा बोटांनी सावकाश फिरवत चाकतीला टेकवतात. सर्व दांड्यांना नॉक लावून किंवा सर्वांचे काढून कापावे. अन्यथा अडसर तोच असूनही लांबी बदलते. कापलेल्या टोकावर शाईची खूण करून ते सपाट पृष्ठावर काटकोनात टेकवून फिरवल्यास उंच भागावरील शाई निघते व तिरपेपणा कळतो. टोक बारीक पॉलिश कागदाने हलके घासून आतील धूळ पुसल्यानंतरच इन्सर्ट चिकटवतात.

सुरक्षितता

कार्बनची धूळ त्वचा, डोळे व श्वसनमार्गाला त्रास देते, तसेच ती विद्युत्‌वाहक असल्याने मोटर व अडॅप्टरमध्ये शॉर्टसर्किट होऊ शकते. चश्मा व धूळरोधक मास्क लावावा, व्हॅक्यूम क्लीनरची नळी चाकतीजवळ ठेवावी आणि उरलेली धूळ ओल्या कापडाने पुसावी. सैल बाह्या, ओढणी किंवा मोकळे केस चाकतीजवळ येऊ देऊ नयेत. मुलांनी हे काम प्रौढांच्या देखरेखीशिवाय करू नये.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

बुलढाण्याचा प्रथमेश जावकर हा कंपाउंड प्रकारातील आंतरराष्ट्रीय तिरंदाज आहे. मे 2023 मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तो ओजस देवतळे व अभिषेक वर्मा यांच्यासह सुवर्णविजेत्या संघात होता. कंपाउंड प्रकारात 50 मीटरवरून नेम साधतात. एका गुणाने निकाल लागणाऱ्या या खेळात एकसारखे कापलेले बाण ही सरावाइतकीच मूलभूत गरज असते.