फॅक्टरी, वखार आणि कारखाना

इंग्रजांनी १६१३ साली सुरतेला फॅक्टरी काढली, असं वाक्य नातीच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात आलं. "आजोबा, तिथे काय बनवायचे?" प्रश्न रास्त होता. उत्तर : काहीच नाही.

आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. आमच्या पुस्तकात 'वखार' होती आणि लाकडाची, कोळशाची वखार गावातच पाहिलेली होती.

'फॅक्टर' हा शब्द लॅटिनमधल्या 'करणे' या क्रियापदावरून आला. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने करणारा, आपला गुमास्ताच म्हणा ना. कंपनीत रायटर, मग फॅक्टर, मग मर्चंट अशी बढती मिळे. हे फॅक्टर जिथे राहत, माल घेत आणि गलबत लागेपर्यंत साठवत, ती फॅक्टरी. कापड विणलं जाई ते विणकराच्या घरी.

पोर्तुगीज तिला फेइतोरिया म्हणत. आमच्या शेजारच्या चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, त्यांची अशी वखार १५१६ साली आली. पाच वर्षांत निजामशाहाच्या परवानगीने तिथे कोट उभा राहू लागला. तो मराठ्यांच्या हाती यायला १७४० साल उजाडलं!

वखारवाले नुसते व्यापारी नव्हते, हे महाराजांनी ओळखलं होतं. १६६० साली राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन पन्हाळ्याखाली गेले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आणि त्या इंग्रजांना कैदेत टाकलं. १६७४ ला हेन्री ऑक्झिंडन चौलमार्गे रायगडावर आला. राज्याभिषेकाचा नजराणा त्याच्याकडे होताच, पण राजापूरच्या नुकसानीची मागणीही होती. 'फॅक्टरी लुटली' वाचून मुलांच्या डोळ्यांपुढे धुराडं आलं, तर यातलं काय कळणार?

गंमत म्हणजे आपला 'कारखाना'ही असाच फिरलेला. फारसीत कार म्हणजे काम, खाना म्हणजे जागा. शिवकाळात अठरा कारखाने होते. त्यांत पीलखाना हत्तींचा, जवाहिरखाना दागिन्यांचा, दारूखाना तोफांच्या दारूचा, म्हणजे पुष्कळशी राज्याची कोठारं आणि खातीच. पुढे यंत्रं आली आणि दोन्ही शब्द धुराड्याखाली एकत्र आले. आता थळच्या खत प्रकल्पाला कोणी फॅक्टरी म्हणतं, कोणी कारखाना.

जुना अर्थ आडनावात मात्र टिकला आहे. कारखानीस म्हणजे गिरणीमालक नव्हे. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असत. धान्य किती, दारूगोळा किती, याचा हिशेब या तिसऱ्याकडे असे.